दोर आधी, दोरा नंतर

शिवाजी पार्कच्या जुन्या इमारतींच्या आवारात दिवाळीत किल्ले होतात. बहुतेक किल्ले डोंगरी असतात, पण एखादा मुलगा हट्टानं जलदुर्ग करतो. परातीत पाणी ओततो, मधोमध मातीचा सिंधुदुर्ग उभा करतो आणि कडेला एक प्लॅस्टिकचं जहाज सोडतो. जहाज कुठलंही असतं. बरेचदा त्यावर धुराडंही असतं. तेवढ्यानं भागतं, कारण तो खेळ आहे. हीच मुलं पुढे मोठी होऊन सागाच्या किंवा शिवणीच्या पट्ट्या कापून गलबतं करू लागतात, तेव्हा मात्र तेवढ्यानं भागत नाही. गेल्या काही वर्षांत असं काम करणारे हात आपल्याकडे वाढले आहेत. सत्कारात स्मृतिचिन्ह म्हणून गलबत दिलं जातं, गणपतीच्या देखाव्यात आरमार येतं, किल्ल्यांच्या पायथ्याशी शिडाची जहाजं विकायला असतात. सांगाडा सुधारला, नाळेचा बाक सुधारला, शिडाचं कापडसुद्धा बरं मिळू लागलं. अजून सुधारला नाही तो दोर.

त्या एका दोरापुरतीच ही पुस्तिका आहे. फळ्या कशा वाकवाव्यात, शीड कसं बेतावं, तोफा कशा ओताव्यात, यातलं काहीही इथे सापडणार नाही. लाकडाच्या बाबतीत आपल्या मंडळींना निदान आज्ञापत्राचा आधार तरी घेता येतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी सागवान आणि तत्सम झाडं परवानगीनं तोडावीत, आंबा-फणसाला हात लावू नये, असं स्पष्ट सांगून ठेवलं आहे. दोराच्या निवडीत मात्र हाताला लागेल ते बांधायची रीत पडली आहे, आणि हाताला बहुधा सुतळी लागते.

सुतळीचा हिशेब एकदा मांडून पाहा. दोन मिलिमीटर जाडीची सुतळी बहात्तरपट लहान, म्हणजे १:७२ प्रमाणाच्या जहाजावर बांधली, तर खऱ्या जहाजावर तो दोर १४४ मिलिमीटर जाड असायला हवा. त्याचा घेर होतो साडेचारशे मिलिमीटर. माणसाच्या पोटरीपेक्षा जास्त. असला दोर कोणता खलाशी मुठीत धरणार आणि कोणत्या कप्पीतून ओवणार? शिडाच्या जहाजावर हातानं ओढायचे दोर साधारण वीस ते तीस मिलिमीटरच्या आसपास असतात, कारण त्याहून बारीक दोर तळहाताला कापतो आणि त्याहून जाड मुठीत मावत नाही. तेव्हा १:७२ ला पाव मिलिमीटरपासून चार दशांश मिलिमीटरपर्यंतचा दोरा लागतो. शिंप्याकडचा नेहमीचा दोरा साधारण दोन दशांश मिलिमीटरचा. शिवणाच्या डब्यातला दोरा हा सुतळीपेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ आहे, आणि पुष्कळांना ते पटत नाही, कारण बारीक दोरा बांधला की जहाज ‘रिकामं’ दिसतं म्हणे. खरं शिडाचं जहाज लांबून पाहिलं तर दोर जेमतेम दिसतात. रिकामं दिसणं हेच तिथे बरोबर आहे.

सुतळीचे कैवारी आणखी एक मुद्दा मांडतात. कोकणातली जहाजं काथ्याच्या दोरांवर चालत, काथ्या केसाळ असतो, म्हणून केसाळ सुतळी शोभते. काथ्याचं म्हणणं खरं आहे, पुढचं गणित चुकीचं आहे. नारळाच्या सोडणाचा तंतू जाडीला मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाहून कमीच असतो. तो बहात्तरपट लहान केला तर डोळ्याला दिसणारच नाही. उलट सुतळीवरची एक मिलिमीटरची लव खऱ्या मापात सात सेंटिमीटर होते, म्हणजे दोरावर गवत उगवल्यासारखं. काथ्या दाखवायचा तो रंगानं. लव जितकी कमी, तितका तो काथ्या खरा.

दोरा विकत घ्यायच्या आधी कागदावर एक प्रश्न लिहावा, असं मी प्रत्येकाला सांगतो: हा दोर जहाजावर काय काम करत होता? डोलकाठीला जागेवर धरून ठेवणारे दोर वेगळे आणि शीड चढवणारे, वळवणारे, उतरवणारे दोर वेगळे. पहिल्यांना आपण स्थिर म्हणू, दुसऱ्यांना फिरते. युरोपी जहाजांवर हा भेद रंगातच दिसतो. तिथला दोर हेम्पचा, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या वाखाचा. स्थिर दोरांना डांबर पाजत, म्हणून ते काळपट. फिरत्यांना ते चिकट डांबर चालत नसे, म्हणून ते पिवळसर तपकिरी. पोर्ट्समथला जपलेल्या ‘व्हिक्टरी’ या जुन्या युद्धनौकेवर सगळे मिळून बेचाळीस किलोमीटरच्या आसपास दोर असत असं सांगतात. त्यातल्या प्रत्येकाचं माप लिहून ठेवायची त्यांची शिस्त. डेव्हिड स्टीलचं १७९४ सालचं पुस्तक आणि जेम्स लीस यांचं १९७९ सालचं, या दोहोंवर जगभरचे कारागीर विसंबतात.

ही पुस्तकं मुंबईकराला परकी वाटायचं कारण नाही. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधली गेली आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिचं मॉडेल करणाऱ्यानं इंग्रजी कोष्टकं बेलाशक वापरावीत, फक्त एक खाचखळगा ओळखून. जुन्या इंग्रजी पुस्तकांत दोराचं माप म्हणजे त्याचा घेर असतो, जाडी नव्हे. ‘दहा इंची दोर’ लिहिलं असेल तर त्याची जाडी घेराला ३.१४ नं भागून निघते, सव्वातीन इंचांच्या थोडी आत, म्हणजे सुमारे ८१ मिलिमीटर. १:७२ ला तो एक मिलिमीटरहून किंचित जाड होईल. भागाकार विसरलात तर प्रत्येक दोर तिप्पट जाड येतो, आणि महागड्या परदेशी संचांतून केलेल्या जहाजांवरही मी असे दोर पाहिले आहेत.

आता आपलं आरमार. इथे युरोपी कोष्टकं मुकाट्यानं मिटून ठेवायची. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबतं, शिबाडं अशी जहाजांची जंत्री येते. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं आंग्रे यांच्या जहाजांचं जे वर्णन केलं आहे, ते मॉडेलकारासाठी फार मोलाचं आहे. गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची आणि दीडशे टनांच्या आसपास, तीन काठ्यांची तीनशे टनांपर्यंत. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब नाळ. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांवर जाणारं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. त्याच्या मागच्या डोलकाठीला फारसा जीव नाही, आणि मुख्य काठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड, ज्याचं टोक वर चढवल्यावर डोलकाठीच्याही खूप वर जातं.

या शेवटच्या वाक्यात दोराचा सगळा हिशेब दडलेला आहे. एवढं शीड आणि त्याची लांबलचक तिरपी काठी उचलायची म्हणजे ती चढवणारा दोर जहाजावरचा सर्वांत दणकट दोर असणार, आणि तो मोठ्या कप्प्यांतून दुहेरी-तिहेरी फिरणार. युरोपी जहाजावर डोळ्यात भरतात ते बाजूचे स्थिर दोर आणि त्यांवर चढायच्या आडव्या पायऱ्या. तिकोनी शिडाच्या जहाजावर त्या जाळ्याचं काही काम नाही. बाजूचे मोजके दोर वाऱ्याच्या अंगाला बांधलेले असतात, आणि जहाजानं वारा दुसऱ्या अंगावर घेतला की ते सोडून पलीकडे न्यावे लागतात. म्हणजे आपल्याकडे ‘स्थिर’ दोरही पुरते स्थिर नाहीत! म्हणून परदेशी संचातलं काळ्या दोऱ्याचं रीळ गलबतावर वापरायचं नाही. स्मृतिचिन्हांच्या गलबतांवर दोन्ही बाजूंना काळ्या दोऱ्याच्या शिड्या दिसतात, त्या तेवढ्या काढल्या तरी जहाज अर्धं सुधारेल. गुराबेचं प्रकरण वेगळं. तिच्यावर युरोपी धर्तीची चौकोनी शिडं चढत, त्यामुळे तिथे दोन्ही परंपरांचे दोर शेजारी शेजारी येतात, आणि प्रत्येक काठी स्वतंत्रपणे विचारात घ्यावी लागते.

जाता जाता एक तक्रार. जो तो तीन काठ्यांची भव्य गुराब करायला बसतो. १६६५च्या बसरूरच्या स्वारीला शिवाजी महाराजांसोबत ८५ लहान लढाऊ जहाजं होती आणि मोठी अवघी ३. आरमाराचा जीव त्या लहानांत होता. नवशिक्यानं गलबतच करावं. दोर थोडे असतात आणि प्रत्येकाचं काम समजतं. व्यापारी जहाज करायचं असेल तर फत्तेमारी घ्यावी. एदमाँ पारी या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्यानं १८४०च्या दशकात छापलेल्या ग्रंथात तिची मापांसह रेखाटनं आहेत, आणि रेखाटनात दोर कुठून कुठे जातो ते दिसतं. बखरीतून ते दिसत नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे आपण माणसांबद्दल म्हणतो. दोऱ्याबद्दल ते शब्दशः लक्षात ठेवावं. दोरा उभा धरून भिंगातून पाहा. पदर खालच्या डाव्या बाजूकडून वरच्या उजव्या बाजूला चढताना दिसले तर तो उजवा पीळ, उलट दिसले तर डावा. युरोपी जहाजावरचे बहुतेक दोर तीन पदरी आणि उजव्या पिळाचे. नांगराचा जाडजूड दोर तसे तीन दोर एकत्र वळून केलेला, म्हणून डाव्या पिळाचा. शिवणाचा दोरा शेवटच्या वळणात बहुधा उजवाच असतो, म्हणून बारीक दोरांसाठी तो जसाच्या तसा चालतो. विणकामाची लोकर आणि काही भरतकामाचे दोरे डावे निघतात.

खरी मौज जाड दोर स्वतः वळायला घेतल्यावर येते. तीन आकड्यांचं साधं चाक करून तीन दोऱ्यांना पीळ द्यायचा आणि मग ते उलट दिशेनं एकमेकांवर सोडायचे, ही गावाकडच्या दोर वळणाऱ्याचीच रीत. पण उजव्या पिळाचे तीन दोरे घेतले तर तयार दोर डावा होतो. नांगराला उत्तम, बाकी सगळीकडे चूक. उजवा दोर हवा असेल तर डाव्या पिळाचे दोरे शोधावे लागतात, नाहीतर आधी दोन-दोन दोऱ्यांचा डावा पदर वळून मग तसे तीन पदर एकत्र आणावे लागतात. उजव्या दोऱ्याला जबरदस्तीनं उलटा पीळ देऊ नका. त्याचा मूळ पीळ आधी सुटतो, दोरा भुसभुशीत होतो आणि तयार दोराला गाठीत धरलं की तो फसकतो. लांबीही हिशेबात धरा: घेतलेल्या दोऱ्याची तयार दोरात जास्तीत जास्त पाऊण लांबी उरते. काम पाऊण वाव दोराचं असलं, तरी एक वावाहून जास्त दोरा हाताशी हवा.

आता कशाचा दोरा घ्यायचा. या प्रश्नावर जगभर वाद आहेत, आणि ते वाद बहुतेक थंड, कोरड्या देशांतल्या माणसांनी घातलेले आहेत. तिथे जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा, दोरा पिढ्यान्‌पिढ्या उत्तम मानला गेला. दादरच्या हवेत निकष बदलतात. प्रमाणित हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतं, रेशीम ११, लिनन १२, नायलॉन साडेचार, आणि पॉलिएस्टर ०.४. पीळ दिलेला नैसर्गिक दोरा ओल प्यायला की फुगतो आणि लांबीला आखडतो. डिसेंबरात बेतानं ताणून बांधलेला सुती दोर जुलैत डोलकाठीचं टोक वाकवतो. जुलैत बांधलेला हिवाळ्यात लोंबतो. घरात वातानुकूलन असेल तर हा खेळ रोज दोनदा चालतो. समुद्र जवळ असलेल्या घरांत सुतावर बुरशीचे काळे ठिपकेही येतात. रेशीम दिसायला देखणं, पण उजेडात त्याचा जीव जातो. नायलॉन ताणलं जातं आणि पुन्हा सावरताना हव्या त्या जागी सावरत नाही.

म्हणून माझा कौल पॉलिएस्टरला आहे. ‘खऱ्या जहाजाला कृत्रिम धागा?’ असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगणं की तुमच्या जहाजावरचं फेव्हिकॉलही महाराजांच्या काळातलं नाही. पॉलिएस्टरमध्येही दोन जाती आहेत. शिंप्याकडचा स्वस्त दोरा आखूड तंतू कातून केलेला, म्हणून लवदार. सलग तंतूंचा दोरा गुळगुळीत, पण कधी कधी नको इतका चमकतो. सलग तंतूंचा, चमक मारलेला, हा माझ्या मते सर्वांत चांगला. दुकानदार ‘कॉटनच आहे’ म्हणाला तर एक तुकडा मागून घ्या आणि घरी जाळून पाहा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

दोऱ्याच्या खरेदीसाठी दादर सोडायची गरज फारशी पडत नाही. स्टेशनाजवळच्या अस्तर-बटणं-लेस विकणाऱ्या दुकानांत रिळांच्या भिंती असतात. अडचण रिळांवरच्या आकड्यांची. एकेकाळी या भागात ते कुणालाही विचारता आले असते. आजूबाजूला कोहिनूर, इंदू अशा गिरण्या होत्या, आणि सूतखात्यात काम केलेला माणूस चिमटीत धागा फिरवून काउंट सांगायचा. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांबरोबर ती चिमटीही गेली. तेव्हा आकडे आपणच शिकून घ्यायचे. सुताचा इंग्रजी काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. तो वाढला की धागा बारीक. टेक्स म्हणजे हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तो वाढला की धागा जाड. कृत्रिम दोऱ्यावरचा टिकिट नंबर पुन्हा उलटा, वाढेल तसा बारीक. आणि एवढं करूनही आकड्यावर विसंबू नये, कारण सारख्या वजनाचे दोन दोरे पिळाप्रमाणे जाड-बारीक होतात. पेन्सिलीवर दहा मिलिमीटरची खूण करून तेवढ्यात दोरा चिकटून चिकटून गुंडाळावा आणि वेढे मोजावेत. चाळीस वेढे बसले तर दोरा पाव मिलिमीटरचा. गुंडाळताना ताणू नये आणि नखानं दाबू नये.

रंगाबद्दल थोडक्यात. नवा काथ्या सोनेरी तपकिरी, उन्हापावसात राखाडीकडे झुकलेला. एका जहाजावर या दोन-तीन छटा हव्यात. पॉलिएस्टर घरच्या चहात रंगत नाही, म्हणून हव्या त्या छटेचंच रीळ घ्यावं. सुताला चहा चढतो, पण चहातलं आम्ल पुढे त्याच सुताला खातं. डांबर लावलेला दोर दाखवताना कोळशासारखा काळा रंग टाळून गडद तपकिरी घ्यावा. लहान मापात निखळ काळा रंग फार ओरडतो. मधमाशांचं मेण लव बसवतं, मात्र बोटभर मेण चोळलेल्या दोरावर मुंबईची धूळ कायमची बसते. मी पातळ केलेला पांढरा गोंद नखावर घेऊन एकदाच फिरवतो.

हल्ली आणखी एका जहाजाबद्दल विचारणा होते, ते म्हणजे ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं, काथ्यानं शिवलेल्या फळ्यांचं हे जहाज २१ मे २०२५ला कारवारला नौदलात दाखल झालं, आणि त्याच वर्षअखेर पोरबंदरहून मस्कतला निघालं. त्याचं मॉडेल करणाऱ्याला दोरा डोलकाठीच्या आधी फळ्यांसाठी लागतो. तिथे शिवणीचा प्रत्येक टाका दिसतो, म्हणून एकाच जाडीचा, एकाच रिळातला दोरा संपूर्ण कवचाला पुरेल इतका आधीच घेऊन ठेवावा. दुकानात पुढच्या महिन्यात तीच छटा मिळेल या भरवशावर राहू नका. दुसरं टोक म्हणजे ‘सुहेली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता ज्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत सागवानात बांधलेली. विसाव्या शतकातल्या अशा नौकांवर डोलकाठी धरणाऱ्या दोरांच्या जागी पोलादी तार असते. तिथे पीळ दिसणारा दोरा शोभत नाही, राखाडी सलग धागा किंवा प्रत्यक्ष बारीक तारच वापरावी.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं सावकाश, आकृत्यांसह येईल. वाचकांना दोन विनंत्या. ज्यांची घरं रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बंदरांत आहेत, त्यांनी शिडाच्या होड्यांवर काम केलेली म्हातारी माणसं असतील तोवर त्यांना दोर कुठे बांधत, कुठली गाठ मारत, तो किती जाड असे, हे विचारून लिहून घ्यावं आणि जुन्या दोराचा तुकडा दिसला तर पट्टीशेजारी ठेवून त्याचं छायाचित्र काढावं. आणि जहाज पूर्ण झालं की त्याच्या बैठकीच्या खालच्या बाजूला वापरलेल्या दोऱ्याची जात, टेक्स, छटेचा नंबर आणि साल पेन्सिलीनं लिहावं. दोर लाकडाच्या आधी जातो; तो बदलायला बसणाऱ्या माणसाला ही नोंद लागेल.

शिवाजी पार्क, दादर